परमिट रूमचा पडदा

एका सेवानिवृत्त शाळामास्तराने मद्यालयांविषयी बोलावे, हे आपणांस थोडेसे विचित्र वाटेल. माझे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरते, त्यावर अध्यापनाची पदविका; आयुष्य गेले ते पेठेतल्या एका शाळेत, खडूच्या धुळीत. मी स्वतः मद्यास कधी शिवलो नाही. यात फुशारकी काहीच नाही; चव आवडली नसती अशी भीती आणि घरी समजले असते अशी त्याहून मोठी भीती, एवढेच त्याचे कारण. असे असूनही मी आज या विषयावर आपणांपुढे आलो आहे, त्याला निमित्त झाले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे.

हा विद्यार्थी आता खराडीस एका संगणक-कंपनीत नोकरीला आहे. परवा तो मला भेटावयास आला होता. बोलता बोलता म्हणाला, "गुरुजी, आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक जुनी पाटी आहे. तीवर लिहिले आहे, परमिट रूम. मी इतकी वर्षे ती वाचतो आहे, पण परमिट कसले आणि कोणाला, हे मला कोणी सांगू शकत नाही." प्रश्न साधा होता. परंतु त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या दोन शब्दांत आपल्या शहराचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक बोचरी आठवणही. तो इतिहास आधी सांगतो. आठवणीकडे मागाहून वळू.

पुणे हे फार पूर्वीपासून एक शहर नसून दोन शहरे आहेत. एक पेठांचे, दुसरे लष्कराचे. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि त्यानंतर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेस आपली छावणी वसविली. त्या छावणीबरोबर तिचे कँटीन आले, मेस आले, नाचाचे दिवाणखाने आले. १८८६ साली पूना क्लब स्थापन झाला. पावसाळ्यात घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या की मुंबईची बडी मंडळी इकडे येत, आणि लष्करातील संध्याकाळी उजळून निघत. पेठेतल्या माणसाच्या दृष्टीने हा सारा प्रदेश परदेशच होता. "तो हल्ली लष्करात फार जातो" असे एखाद्याविषयी म्हटले, म्हणजे पुढचे काही बोलावे लागत नसे.

याचा अर्थ पेठा कोरड्या होत्या असा मात्र कोणी घेऊ नये. मद्य पेठांतही होते; ते गुत्त्यांत होते, आणि त्याला सरकारचे अभय होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा सारा व्यवहार सरकारने आपल्या मुठीत घेतला. परवाने विकावयाचे आणि त्यांतून महसूल उभा करावयाचा, अशी ती रीत. गुत्ते वाढले की तिजोरी भरे. या रीतीविरुद्ध पुण्यात फार लवकर आवाज उठला. महात्मा जोतीराव फुले हे तेव्हा नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल त्यांनी १८८० साली लेखी हरकत घेतली. पुढे १९०८ च्या उन्हाळ्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहू लागले. ते येणाऱ्यास हात जोडून परत फिरण्याची विनंती करीत. गमतीची गोष्ट अशी की, फुले आणि टिळक यांची मते ज्या थोड्या विषयांवर जुळत, त्यांपैकी हा एक होता.

सुशिक्षितांच्या घरांत मद्य शिरले होते, याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या रंगभूमीने जपून ठेवला आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहावयास गडकरी उरले नव्हते, प्रयोगापूर्वी महिनाभर आधीच ते वारले होते. त्यातील सुधाकर हा अडाणी मजूर नव्हे. तो वकील आहे. आणि त्यातील आर्य मदिरा मंडळ म्हणजे काय? शिकलेल्या लोकांनी नियम आणि ठराव करून चालविलेली पिणाऱ्यांची सभाच ती. प्रेक्षक त्या मंडळाला पोट धरून हसत आणि अखेरीस सिंधूसाठी डोळे पुसत. मी मुलांना शिकविताना नेहमी सांगे की, हसू आणि अश्रू यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते या नाटकात अवघे एका प्याल्याचे आहे.

आता आपल्या परमिटकडे येऊ. महात्मा गांधींच्या शिकवणुकीत मद्यनिषेधास मोठे स्थान होते. त्यानुसार मुंबई इलाख्याच्या काँग्रेस सरकारने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. आबकारी खाते सांभाळणारे डॉ. गिल्डर हे तिचे सूत्रधार. परंतु महायुद्ध आले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा हाती घेण्यात आला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेही मद्यनिषेधाकडे वाटचाल करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितले.

हा कायदा मोठा करडा होता. दारू बनविणे, विकणे, जवळ बाळगणे आणि पिणे, या चारही गोष्टी त्याने गुन्हा ठरविल्या. मुंबईच्या बालसरा नावाच्या एका पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. घरात व्हिस्की ठेवण्याचा, इतकेच नव्हे तर ओ-डी-कलोनसारखे मद्यार्कयुक्त सुगंधी द्रव्य वापरण्याचा आपणांस हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. औषधे आणि प्रसाधने यांपुरती कायद्याची काही कलमे रद्द झाली. परंतु मुख्य कायदा वैध ठरला.

परंतु कितीही करडा कायदा केला तरी त्याला एखादी खिडकी ठेवावी लागते. परदेशी पाहुणे होते; आणि मद्यावाचून ज्यांची प्रकृती ठीक राहत नाही असे डॉक्टर लिहून देतील, अशीही माणसे होती. त्यांच्यासाठी परवाना, म्हणजे परमिट, देण्याची सोय होती. परवान्यावर महिन्याकाठी किती मद्य मिळावयाचे याचे प्रमाण लिहिलेले असे. डॉक्टरी दाखल्यावर हे परमिट मिळवावयाचे, तर मनुष्याला आपण रोगी आहोत असे आधी कबूल करावे लागे. पुष्कळ धडधाकट मंडळी त्या काळात कागदोपत्री आजारी झाली!

आता असा परवानेदार मनुष्य हॉटेलात आला, तर त्याने प्यावे कोठे? इतरांच्या देखत पिणे कायद्याच्या हेतूला विरोधी. म्हणून हॉटेलात एक निराळी खोली असावी, तीत फक्त परवानेदारांनाच प्रवेश असावा, आणि बाहेरच्या माणसाला आतले दिसू नये, अशी व्यवस्था झाली. हीच ती परमिट रूम. काळ्या काचा, जाड पडदे, मंद दिवे, अर्ध्या उंचीची झुलती दारे, या साऱ्यांना आपण पुढे मद्यालयाची शोभा समजू लागलो. वस्तुतः त्यांचे मूळ शोभेत नसून संकोचात आणि कायद्यात आहे.

कायद्याचा हेतू उदात्त होता. परंतु त्याचा परिणाम हेतूबरहुकूम झाला नाही. गुत्ते बंद झाले आणि हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ आणि नवसागर कुजवून त्यावर भट्टी लावावयाची, ती नदीकाठच्या झाडीत किंवा गावाबाहेरच्या ओढ्यात. यातले खरे भय वेगळेच आहे. चोरून विकणारा कित्येकदा नशा वाढविण्यासाठी तीत मेथिल अल्कोहोल मिसळतो. हे द्रव्य दिसावयास आणि वासाला नेहमीच्या मद्यार्कासारखेच. परंतु शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, आणि ते प्रथम डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. म्हणून विषारी दारूच्या बातमीत मृतांच्या आकड्याबरोबर आंधळे झालेल्यांचाही उल्लेख येतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. तेव्हा हा प्रश्न जुन्या काळापुरता नाही.

हातभट्टी, लाचलुचपत आणि बुडणारा महसूल या तिन्हींचा अनुभव घेतल्यावर सरकारने धोरण बदलले. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, म्हणजे १९६३ ते १९७५ या अवधीत, बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली; देशी दारूची सरकारमान्य दुकानेही पुन्हा उघडली. येथे एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. कायदा रद्द झाला नाही! केवळ परवाना मिळणे सोपे झाले. तो कायदा आजही आहे. 'मुंबई' जाऊन त्याच्या नावात आता 'महाराष्ट्र' हा शब्द आला आहे, एवढेच. महाराष्ट्रात मद्य घेणाऱ्यास कायद्याने आजही परवाना लागतो. एका दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये आणि जन्मभराच्या परवान्याचे एक हजार, असा दर वर्षानुवर्षे चालत आला. सौम्य बिअर आणि वाइन यांसाठी वय २१ पूर्ण हवे; कडक मद्यासाठी २५. वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे तर अद्याप पुरते दारूबंदीचे आहेत. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. सारांश, आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि ती बंदी परवान्याच्या दाराने रोज ओलांडतो.

माझ्या विद्यार्थ्याला एवढे उत्तर पुरेसे होते. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजी, आम्ही सगळे कागदोपत्री आजारीच!" पण मग त्याने विचारले, "तुम्हांला हे सगळे इतके बारकाईने कसे ठाऊक?" येथे मला थोडे थांबावे लागले.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. आमच्या शाळेत चित्रकलेचे एक मास्तर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी वडील. हात असा की, फळ्यावर खडूच्या चार रेघांत ते शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उभा करीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की संध्याकाळी आम्ही दोघे फिरावयास निघत असू, आणि फिरणे संपे ते एका परमिट रूममध्ये. ते त्यांचे घेत. मी लिंबू-सोडा घेई.

तो काळ कसा होता, हे आजच्या तरुणांस सांगितले पाहिजे. पुण्याची रात्र तेव्हा वेगळीच होती. १९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर हत्यासत्राने शहर हादरले होते; दहा माणसे मारली गेली. त्या दिवसांत दिवेलागणीलाच दारांना कड्या लागत, आणि ओळखीचा आवाज आल्याशिवाय कोणी दार उघडीत नसे. ती भीती ओसरल्यावर शहर पुन्हा रात्रीचे बाहेर पडू लागले. परंतु मद्यासाठी नव्हे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलेला. त्याच्या मैफली रात्र रात्र चालत. भीमसेन जोशी पहाटे गावयास बसत आणि श्रोते शाली पांघरून, थरमासातला चहा घेत, उजाडेपर्यंत बसून राहत. तिकडे आर्यभूषण थिएटरात ढोलकी घुमे. पेठेतल्या मनुष्याचे रात्रजीवन म्हणावयाचे ते हे. दिवसाउजेडी गप्पा मारावयाच्या, तर १९३५ पासूनचे इराणी गुडलक होते, शेजारचे लकी होते, किंवा जगन्नाथ शेट्टींचे रूपाली आणि वैशाली.

परमिट रूमचा मालकही बहुधा उडुपी-मंगळूरकडचाच असे. गल्ल्यावर देवाची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती; त्या उदबत्तीचा, तळलेल्या मासळीचा आणि बिअरचा मिळून एक वास होई, तो मला आजही ओळखता येईल. लाल रंगाचा मिणमिणता दिवा, फाटलेल्या रेक्झिनची बाके, कोपऱ्यात माशांची काचपेटी. टेबलावर चकणा येई: खारे शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, भाजलेला पापड, मीठ-मिरपूड भुरभुरलेले उकडलेले अंडे. पगाराच्या दिवशी पिंपरीच्या कारखान्यांतील मंडळी येत. एरवी कचेरीतले कारकून, एखादा वकील, एखादा नाटकवाला. आत शिरले की कोणी कोणाला ओळखत नसे, आणि तासाभराने सगळेच एकमेकांचे सोयरे होत. कविता म्हटल्या जात, क्रिकेटचे वाद रंगत, जुन्या नाट्यपदांच्या ताना उठत. मला ते आवडे, हे कबूल केले पाहिजे. त्या अंधाऱ्या खोलीत माणसे जितके मोकळे बोलत, तितके मी शिक्षकांच्या खोलीत कधी ऐकले नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसली नाही. तेथे एकही स्त्री नसे. कोठे कोठे लाकडी आडोसा घालून 'फॅमिली रूम' केलेली असे. पण तिच्यात बसावयास कुटुंबातील कोणी येत नसे.

एके शनिवारी, रात्रीचे नऊ वाजले असतील, वाढणारा पोरगा आमच्या टेबलाशी आला आणि मास्तरांच्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, बाहेर बाई उभ्या आहेत. तुमचे नाव विचारतात." त्या वहिनी होत्या. महिन्याची पहिली तारीख होती. बाहेर श्रावणातला पाऊस होता. परमिट रूमचा पडदा ओलांडून आत येणे त्या काळच्या पेठेतल्या बाईला शक्यच नव्हते. मास्तरांनी पोराला सांगितले, "मी येथे नाही म्हणून सांग." पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी काय केले? मी माझा लिंबू-सोडा ढवळीत राहिलो. पोरगा बाहेर गेला, आणि मास्तरांनी अर्धी राहिलेली कविता पुढे म्हणावयास घेतली.

पुढची चार-पाच वर्षे ज्या क्रमाने जातात, त्या क्रमाने गेली. आधी हाताला कंप सुटला. चित्रकलेच्या मास्तराचा हात तो! मग रजा वाढल्या. मग वर्गात वास येऊ लागला आणि मुलांनी घरी सांगितले. मग यकृत सुजले. आम्ही सहकारी त्याला 'मास्तरांचा नाद' म्हणत होतो. व्यसन हा एक आजार आहे, ही गोष्ट त्या वेळी आम्हां शिकल्यासवरल्या लोकांना माहीत नव्हती.

ती पुण्याला समजावून सांगितली मुक्तांगणने. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. प्रारंभीचे निमित्त होते 'गर्द'चे, म्हणजे ब्राउन शुगरचे. अवचटांनी त्यावर लिहिले आणि ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे मोठी देणगी दिली. मद्याचे रुग्णही तेथे येऊ लागले. तेथील उपचाराचे तत्त्व थोडक्यात असे. मद्य सोडताना प्रथमचे काही दिवस शरीर बंड करते. त्यासाठी औषध लागते. परंतु औषधाचे काम तेवढ्यावर संपते. खरे काम गटाचे. एका व्यसनी माणसाचे दुसरा व्यसनी माणूस जितके ऐकतो, तितके तो डॉक्टरचे ऐकत नाही. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीने हे प्रथम दाखवून दिले. तिच्यात जन्मभराची शपथ नाही; आजचा एक दिवस घ्यावयाची नाही, एवढाच निश्चय. आणि मुक्तांगणने आणखी एक जाणले: घरात एक मनुष्य पितो, तेव्हा आजारी सारे घर पडलेले असते. म्हणून बायकामुलांशीही तेथे बोलणे होते.

मास्तरांना तेथे घेऊन गेल्या त्या वहिनीच. मी सोबत गेलो होतो, पण मागून चालत. पहिल्या खेपेस मास्तर घरी आले आणि दोन महिन्यांत घसरले. दुसऱ्या खेपेस उभे राहिले, ते कायमचे. नोकरी गेली होती. त्यांनी घरी चित्रकलेचे वर्ग काढले. आमचे शनिवार पुन्हा सुरू झाले, परंतु आता गुडलकमध्ये, चहा आणि बनमस्क्यावर. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी 'आजचा एक दिवस' पाळला.

त्यांच्या मागे मी वहिनींना भेटावयास गेलो होतो. इकडतिकडचे बोलणे झाले. मग मी चाळीस वर्षे मनात ठेवलेली त्या शनिवारची गोष्ट काढली, आणि क्षमा मागितली. वहिनींनी हातातले निवडणे थांबविले नाही. म्हणाल्या, "भाऊजी, पडदा काही फार जाड नव्हता. आतले सगळे ऐकू येत होते."

श्रोतेहो, यावर मी काय बोलणार?

आता तो पडदा राहिलेला नाही. १९९१ नंतर देशाचे आर्थिक धोरण बदलले. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी येथे संगणक-उद्योग आला. देशाच्या सर्व भागांतून तरुण मुलेमुली पुण्यास आली. त्यांच्या हाती स्वतःची मिळकत होती आणि पेठेतील डोळ्यांचा धाक नव्हता. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, बाणेर येथे नव्या तऱ्हेची मद्यालये निघाली. परमिट रूममध्ये जे जे झाकलेले, ते ते येथे उघडे. काळ्या काचेच्या जागी स्वच्छ काच. नाट्यपदाच्या जागी कानठळ्या बसविणारे वाद्यसंगीत. आणि स्त्री आडोशामागे नाही, पुरुषांच्या बरोबरीने बसलेली. २००९ साली पुण्यात डूलाली नावाची बिअरशाळा निघाली. ती हॉटेलातच बिअर करून तेथेच विकी. मोड आणून भाजलेले जव, हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले, किण्व आणि पाणी, या चार वस्तूंपासून बिअर होते. ती होताना तांब्यापितळेच्या चकाकत्या भांड्यांतून ग्राहकांस दिसावी, अशी अलीकडे अशा ठिकाणी मांडणीच केलेली असते. हातभट्टी ओढ्यात लपत असे. नवी भट्टी दिवाणखान्यात मिरवते.

या नव्या रात्रीवरही आघात झाले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जीव गेले. तेथे सारे जग चहा प्यावयास येत असे. २०१७ साली महामार्गालगत पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेने बंद झाली, व पुढे शहरांच्या हद्दीपुरती ती आज्ञा सैल झाली. २०२० साली करोनाने साऱ्यांनाच कुलपे लावली. पुष्कळ जुन्या परमिट रूमची ती कुलपे पुन्हा निघाली नाहीत. आम्ही बसत होतो तिच्या जागी आज मोबाइलचे दुकान आहे. दुसरीकडे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आल्यापासून सवाई गंधर्वच्या रात्रभराच्या बैठकाही गेल्या. गाण्याची रात्र आखडली आणि प्याल्याची रात्र लांबली, हा काळाचा एक विलक्षण न्याय म्हणावयाचा.

आणि मग १९ मे २०२४ ची पहाट आली. कल्याणीनगरात भरधाव मोटारीने एका दुचाकीस धडक दिली. दुचाकीवरील दोघे, एक तरुण आणि एक तरुणी, चोवीस वर्षांचे संगणक-अभियंते, मध्य प्रदेशातून पोटासाठी पुण्यास आलेले, जागच्या जागी गेले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्यापूर्वी तो मद्यालयांत बसून आला होता, असा पोलिसांचा आरोप. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, व त्याच्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी एक अट होती. लोक खवळले, तो आदेश पुढे बदलला गेला, मद्यालयांवर टाच आली.

मी आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहून घेतले. त्या बातमीने मला रात्रभर झोप लागली नाही. निबंधाने मुलगा सुधारत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु तो निबंध अपघाताच्या आधी लिहून घ्यावयाचा असतो, आणि तो घरातल्या मोठ्यांनीही लिहावयाचा असतो. कायदा आहेच. एकवीस आणि पंचवीस वर्षांची अट आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे गुन्हा आहे. पण कायद्याची पाटी लावून आपण आत काय करतो, हे १९४९ पासून आपण पाहतोच आहोत.

मला कोणी विचारील की, जुनी परमिट रूम बरी की नवे मद्यालय बरे? जुन्या दिवसांची ओढ मलाही आहे. ती कविता, ती हळवी माणसे, तो लिंबू-सोडा. परंतु त्या जिव्हाळ्याची किंमत पावसात उभ्या असलेल्या एका बाईने दिली, हे मी विसरू शकत नाही. आजची मुलगी पडद्याबाहेर उभी राहत नाही, याचा मला आनंदच आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली आहे. काचेच्या आत बसलेल्या माणसालाही बाहेर रस्त्यावरून कोण चालले आहे, हे दिसत नाही. कारण काच स्वच्छ असली तरी आत उजेड आणि बाहेर अंधार असतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, शुक्रवारी आम्ही मित्र बसतो. तुम्ही रागावला नाहीत ना?" मी म्हटले, "रागावत नाही. पण घरून कोणाचा फोन आला, तर मी येथे नाही असे कोणास सांगू देऊ नकोस. आणि तुझ्या शेजारच्याने तसे सांगितले, तर तू सोडा ढवळीत बसू नकोस." तो उठला, वाकून नमस्कार केला, आणि भाड्याची रिक्षा बोलावून घरी गेला.